चौकटीची चौकट

घर पाहावयास आलेला पाहुणा भिंतींचा रंग पाहतो, फरशी पाहतो, दाराचें पॉलिश बोटानें चाचपून पाहतो; परंतु भिंत आणि चौकट यांच्यामध्यें जी अर्ध्या-पाऊण इंचाची फट असते तिकडे कोणाचेंहि लक्ष जात नाहीं. जाऊं नये म्हणूनच तर सुतार तिच्यावर पट्टी ठोकतो. असें असलें तरी घरांतील निम्म्या कुरबुरी ह्याच फटींत जन्माला येतात, असें माझें आतां मत झालें आहे. पावसाळ्यांत न मिटणारें दार, पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर खिडकीखालीं उमटणारा ओलाव्याचा नकाशा, चौकटीच्या पायथ्याशीं वाळवीनें ओढलेली मातीची रेघ, दार आपटलें कीं गिलाव्याला जाणारा तडा, ह्या साऱ्यांचें मूळ विटेच्या आणि लाकडाच्या न जमणाऱ्या संसारांत आहे.

वीट एकदां भाजली कीं तिचा स्वभाव ठरला. लाकडाचें तसें नाहीं. झाड तोडून शंभर वर्षें झालीं तरी लाकूड हवेंतील ओलावा घेतच असतें आणि टाकतच असतें. त्यांतहि त्याची तऱ्हा अशी कीं तें लांबींत जवळजवळ हलत नाहीं, सारा चाळा रुंदींत. सागवानासारखें शहाणें लाकूडसुद्धां ओलें असल्यापासून पुरतें कोरडें होईपर्यंत खोडाच्या वर्तुळांच्या दिशेनें सुमारें 6 टक्के आणि गाभ्यापासून सालीकडे सुमारें अडीच टक्के आटतें. वाळवून वापरलेल्या लाकडाची ऋतुमानाप्रमाणें होणारी हालचाल याहून पुष्कळ कमी असते. परंतु आषाढांत अडणारें आणि चैत्रांत खडखडणारें दार ज्याच्या घरीं आहे त्याला ती कमी वाटत नाहीं. अशा चंचल लाकडाला अचल भिंतींत सिमेंटनें घट्ट जखडून ठेवलें तर दोघांपैकीं एकाला तडा जाणारच.

आपल्याकडे वहिवाट होती ती आधीं चौकट आणि मागाहून भिंत अशी. जोत्यावर चौकट उभी करावयाची, ओळंबा लावून ती सरळ करावयाची, मागेंपुढें बांबूचे टेकू द्यावयाचे, आणि मग गवंड्यानें दोन्ही अंगांनीं विटांचे थर रचीत वर जावयाचें. चौकटीच्या पाठीला डांबर, बाजूंना लोखंडी पट्ट्या. त्या पट्ट्यांचीं टोकें भिंतींत गाडलीं कीं काम झालें. ह्या पद्धतींत एक मोठें सुख होतें. भिंत चौकटीच्या मापानें वाढत असल्यामुळें दोघांत फट अशी राहातच नसे. परंतु घरांतलें सर्वांत उत्तम लाकूड हें सर्वांत आधीं कामावर येऊन उभें राही. पुढें सहा-आठ महिने त्याच्यावर चुन्याचे-सिमेंटचे शिंतोडे उडत, पाट्या वाहणारे मजूर त्याच्यावर आदळत, एखादा पावसाळाहि त्याच्या डोक्यावरून जाई. आणि पुढें कधीं काळीं चौकट कुजली तर ती बदलण्यासाठीं भिंत फोडण्यावांचून गत्यंतर नसे.

ह्या अडचणीवर अमेरिकेंतील सुतारांनीं जो तोडगा काढला आहे तो मला माझ्या पुतण्याकडून समजला. तो मिनेसोटा संस्थानांत घर बांधवून घेत होता. तिकडील थंडीमुळें हल्लीं कांहीं घरांच्या भिंती फोमच्या पोकळ ठोकळ्यांत काँक्रीट ओतून करतात. भिंतींत दारें-खिडक्यांच्या जागा मोकळ्या राहाव्यात म्हणून काँक्रीट ओतण्यापूर्वीं तेथें जाड फळ्यांची एकेक ओबडधोबड चौकट बसवितात. तिला ते लोक 'बक' म्हणतात. पुतण्यानें पत्रांत हा शब्द लिहिला तेव्हां आमच्या घरांत बरीच करमणूक झाली. आपल्याला बक म्हटलें कीं एका पायावर ध्यान लावून बसलेला बगळा आठवावयाचा, नाहीं तर गाडाभर अन्न खाणारा एकचक्रा नगरींतील राक्षस. परंतु हा लाकडी बक मोठा सोशिक आहे. काँक्रीटचा दाब तो सोसतो, ओलावा तो सोसतो, आणि भिंत पुरी होऊन वाळल्यावर खरी खिडकी येते ती त्याच्या मांडीवर बसते. तिचे स्क्रू काँक्रीटमध्यें न जातां ह्या फळ्यांत जातात. पंचवीस-तीस वर्षांनीं खिडकी जुनी झाली म्हणजे स्क्रू काढून ती उचलून घ्यावयाची आणि दुसरी ठेवावयाची. भिंतीला हातोडा लावण्याचें कारण नाहीं. विटांच्या भिंतींतहि ही युक्ति तिकडे जुनी आहे. इंग्लंडांत विटेच्याच आकाराचे लाकडी ठोकळे भिंतींत बसवून त्यांना चौकटी खिळण्याची चाल होती, ती हिचीच धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाहीं.

मराठींत ह्याला काय म्हणावें? आमच्या मिस्त्रींनीं त्याला 'कच्ची चौकट' म्हटलें आणि मला तें नांव आवडलें. मात्र मिस्त्रींचा आणि ह्या वस्तूचा संबंध कसा आला तें सांगण्यासाठीं आमच्या दाराची हकीगत थोडी सांगावी लागेल.

पुण्याच्या शनिवार पेठेंतील आमचा वाडा 2019 सालीं पाडला. वाड्याचें वय शंभर-सव्वाशें वर्षांचें असेल. पेशवाईशीं त्याचा संबंध जोडण्याची हौस आमच्या कुळांत कोणाला नव्हती हें भाग्यच. त्यांत सांगण्यासारखी गोष्ट एकच होती, ती म्हणजे पुढचें दार. अखंड सागवानाची चौकट, वर गणेशपट्टी, खालीं वीतभर उंच उंबरठा, आणि दोन जाड कवाडें. कवाडांना बिजागऱ्या नव्हत्या. कवाडाच्या उभ्या दांड्यालाच वर-खालीं खुंट्या काढलेल्या होत्या, आणि त्या गणेशपट्टीमागच्या व उंबरठ्यामधल्या खळग्यांत फिरत. 12 जुलै 1961 रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां ह्या दाराच्या कड्यांपर्यंत पाणी चढलें होतें. मागच्या अंगाची विटांची भिंत त्या पाण्यांत बसली. दार फुगलें, कांहीं महिने मिटेनासें झालें, आणि दिवाळीच्या सुमारास आपोआप पूर्ववत् मिटूं लागलें. माझी आत्या तेव्हां माहेरपणाला आलेली होती. "भिंत गेली, पण दार राहिलें," हें वाक्य तिच्या तोंडून आम्हीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं वाडा पाडण्याचें ठरलें त्या बैठकींत तिनें दुसरें कांहींच म्हटलें नाहीं तरी सर्वांना तिचें म्हणणें कळलें.

वाडा पडला कीं जुन्या लाकडाचे व्यापारी येतातच. खांब गेले, तुळया गेल्या, माडीचा कठडाहि गेला. दाराला त्यांनीं जो भाव सांगितला तो ऐकून दोन चुलतभाऊ गप्प झाले. अशीं दारें हल्लीं उपाहारगृहांच्या दर्शनी भागांत उभीं करतात, किंवा आडवीं ठेवून त्यांवर कांच घालून जेवणाचीं मेजें करतात. आमच्या दारावर लोकांनीं पाव-भाजी खावी ह्या कल्पनेनें माझ्या पोटांत कालवलें हें खरें. पण नुसत्या कालवण्यानें दार वाचत नाहीं. तें कोठें तरी बसवावें लागतें. शेवटीं असें ठरलें कीं चौघा भावंडांपैकीं ज्याला नव्या इमारतींत पहिल्या मजल्यावरची जागा मिळेल त्यानें तें आपल्या घराला लावावें. ती जागा माझ्या वांट्याला आली. चार वर्षें दार धाकट्या भावाच्या पडवींत आडवें पडून होतें.

इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराचें म्हणणें सोपें होतें. चौकट भोकांत उभी करूं, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या मारूं, काँक्रीट भरून टाकूं, एका दिवसाचें काम. त्यावर आमचे मिस्त्री म्हणाले, "काका, एका दिवसांत बसेल. पण मग निघायचें नाहीं. काढायची वेळ आली तर घण घालावा लागेल, आणि घण काय फक्त काँक्रीटवर पडतो?" मिस्त्री कुडाळकडचे. जांभ्याच्या घरांतून हात तयार झालेला, त्यामुळें दगडांतलें लाकूड काढतांना काय होतें तें त्यांनीं पुष्कळ पाहिलेलें. मीं त्यांना पुतण्याच्या घराचीं चित्रें दाखविलीं. दोन मिनिटें पाहून ते म्हणाले, "ही तर कच्ची चौकट. पण ही त्यांनीं खिडकी बदलायला ठेवली आहे. आपल्याला दार वांचवायला ठेवायची."

ह्या एका वाक्यानें माझ्या विचारांना निराळी दिशा लागली. अमेरिकेंतील माणूस धरून चालतो कीं भिंत टिकेल आणि खिडकी जाईल. आमची स्थिति नेमकी उलटी आहे. पुण्यांत तीस-चाळीस वर्षांच्या चांगल्या उभ्या इमारती पाडून तेथें नव्या उठत आहेत, हें मी रोज फिरावयास जातांना पाहतों. तेव्हां आज जी भिंत उभी राहात आहे ती ह्या दाराआधीं जाणार, हें धरूनच चालावयास हवें. म्हणजे आम्हांला जी कच्ची चौकट पाहिजे होती ती दार घट्ट धरून ठेवण्यासाठीं जितकी, तितकीच वेळ येतांच तें सोडून देण्यासाठीं.

मग मापें सुरू झालीं. जुन्या चौकटीची रुंदी बाहेरून 4 फूट 1 इंच, उंची 6 फूट 2 इंच. परंतु एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरली तेव्हां दोन कर्णांत सहा सुतांचा फरक निघाला. वाडा एका अंगाला खचत गेला तशी चौकटहि त्याच्याबरोबर तिरकी झाली होती, आणि कवाडें त्या तिरकेपणाला इतकीं सरावलीं होतीं कीं आतां चौकट गुण्यांत आणली असती तर कवाडें मिटलीं नसतीं. मिस्त्रींनीं तिला हात लावला नाहीं. त्यांनीं ठेकेदाराकडून भिंतींत 4 फूट 6 इंच रुंदीचें भोक ठेवून घेतलें आणि त्याच्या दोन्ही कडांना काँक्रीटचे पातळ खांब ओतून घेतले. कारण हल्लींच्या हलक्या ठोकळ्यांच्या भिंतींत बोल्ट नीट धरत नाहीं. त्या खांबांना दोन इंच जाडीच्या, भिंतीइतक्या रुंद फळ्या बोल्टांनीं आवळल्या. दोन बाजूंना दोन आणि माथ्यावर एक. ही कच्ची चौकट मात्र त्यांनीं ओळंब्याला, पाणसळीला आणि गुण्याला अगदीं चोख उतरविली. आंत दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा इंच मोकळा राहिला, आणि त्या अर्ध्या इंचांत जुन्या चौकटीचा सगळा तिरकेपणा सामावला. एका कोपऱ्यांत दोन सुतांची पाचर तर दुसऱ्यांत सहा सुतांची.

फळ्या साध्या पाइनच्या होत्या, पण औषध मुरविलेल्या. येथें दोन गोष्टी लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. काँक्रीट ओलावा शोषून घेतें आणि त्याला टेकलेल्या लाकडाला पाजतें. म्हणून दोघांच्या मध्यें डांबरी कागद घातला. दुसरें, लाकडाला मुरविण्याच्या औषधांत बहुधा तांब्याचे क्षार असतात आणि त्यांच्या संगतींत साधें लोखंड लवकर गंजतें. म्हणून बोल्ट व स्क्रू गंज न चढणाऱ्या पोलादाचे घेतले. ठेकेदारानें उरलेली फट फोमनें भरण्याचा आग्रह धरला. फोम फार फुगला तर चौकट मध्येंच पोटाशीं दाबली जाते, आणि वाळल्यावर तो दोन्ही लाकडांना चिकटून बसतो. आम्हांला तर कांहींच चिकटावयास नको होतें. दार जिन्याच्या आंत, पावसापासून दूर, म्हणून तेथें कोरडा काथ्या ठासला. खिडकी असती तर मीं हें करूं दिलें नसतें.

खालीं फळी घातली नाहीं. त्याचें कारण त्या खुंट्या. बिजागरीचें दार आपलें वजन चौकटीच्या बाजूवर टाकतें आणि तिला आंत ओढतें. खुंटीवर फिरणारें दार आपलें सगळें ओझें उंबरठ्यावर ठेवतें. बाजूंनीं त्याला केवळ तोल सांभाळावयाचा असतो. त्यामुळें कच्च्या चौकटीवर भार फारसा नव्हताच. पण उंबरठ्याखालीं मात्र तसूभरहि पोकळी चालली नसती. तेथें ग्रॅनाइटची पट्टी पक्की बसवून तिच्यावर उंबरठा टेकविला. उंची कमी पडली, ती माथ्यावर लाकडी जाळीचा झरोका घालून भरून काढली. घरांतील तरुण मंडळींना वाकून आंत यावें लागतें, त्याबद्दल त्यांची तक्रार आहे; ती मीं नोंदवून ठेवली आहे.

चौकट बसविण्याचा दिवस आला तेव्हां एक नवाच प्रश्न निघाला. चौकटीची पूजा करावयाची ती कोणत्या चौकटीची? भिंतीला प्रथम लागलेली चौकट म्हटली तर ती पाइनची. परंतु तिला हळदकुंकू लावण्यास घरांतील कोणीहि बाई तयार होईना. गुरुजींनीं क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "लग्नांत पाट मांडतात तो आधीं मांडतात म्हणून त्याचें लग्न लागतें काय?" ह्यावर कोणालाच उत्तर सुचलें नाहीं. उंबरठ्याखालीं नाणें ठेवलें, गणेशपट्टीला आंब्याचा डहाळा बांधला आणि आत्याच्या हातून पूजा झाली. मिस्त्रींनीं मात्र सर्वांची पाठ फिरल्यावर पाइनच्या फळीला एक कुंकवाचें बोट लावलेलें मीं पाहिलें.

खिडक्यांच्या बाबतींत मला येथें एवढेंच सांगावयाचें आहे कीं कच्ची चौकट आपल्या शहरांत रोज बसते आहे, परंतु आपण तिला ओळखत नाहीं. नव्या इमारतींतून खिडकीच्या भोकाला चोहोंबाजूंनीं ग्रॅनाइटच्या नाहीं तर संगमरवराच्या पट्ट्या लावतात आणि अल्युमिनियमची खिडकी त्या पट्ट्यांना स्क्रूंनीं जोडतात. ही दगडाची कच्ची चौकटच होय. तिला वाळवी नाहीं, कूज नाहीं, फुगणें नाहीं. आपल्या पावसाला ती लाकडापेक्षां शतपटीनें बरी. मात्र खालची पट्टी बाहेरच्या अंगाला उतरती आहे कीं नाहीं हें स्वतः पाहावें. आमच्या शेजारच्या घरांत ती आंतल्या अंगाला दोन सूत उतरती बसविली गेली, आणि पहिल्याच पावसाळ्यांत त्यांच्या दिवाणखान्याची गादी उचलून वाळत घालावी लागली. पाणसळ ठेवून पाहावयास अर्धें मिनिट लागतें. ज्या खिडकीला अशी पट्टी न लावतां अल्युमिनियमचा सांगाडा थेट ओबडधोबड भिंतीला लावून कडा पांढऱ्या सिमेंटनें लिंपल्या असतील, ती ताब्यांत घेऊं नये असें माझें स्पष्ट मत आहे.

दार बसलें, मिटूं लागलें, अडसर पूर्वींच्याच आवाजानें सरकूं लागला. राहिला कायदा. आमच्यांतील एक चुलतभाऊ वकील आहेत. मी त्यांना मोठ्या अभिमानानें म्हणालों, "आतां हें दार आठ स्क्रूंवर आहे, म्हणजे कपाटासारखी जंगम वस्तु झाली." त्यांनीं चष्मा काढला आणि मला सांगितलें कीं 1882 च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणें जमिनींत रुतलेल्या वस्तूला जें तिच्या कायमच्या उपभोगासाठीं जोडलें असेल तेंहि जमिनीला जोडलेलेंच धरतात. घराचीं दारें-खिडक्या हें त्याचें ठरलेलें उदाहरण. स्क्रू आठ असोत वा ऐंशी, माझ्या मागें ही जागा कोणी विकली तर दार जागेबरोबर जाईल. कच्ची चौकट तें सोडील, पण कायदा सोडणार नाहीं.

तेव्हां एक कागद करावा लागला. दार चौघांच्या वांट्याचें आहे. जागा विकली, पाडली किंवा भाड्यानें दिली तरी तें काढून घेण्याचा हक्क उरलेल्यांचा राहील. आणि खरेदीखतांत तें वगळल्याचा उल्लेख करणें जागेच्या मालकावर बंधनकारक राहील, असें त्यांत लिहिलें. वकिलांच्या सांगण्यावरून काढण्याची रीतहि जोडली: पट्ट्या कोठून उचलावयाच्या, कवाडांच्या खांचेंत लपविलेले चार-चार स्क्रू कोठें आहेत, पाचरांवर घातलेले आंकडे कोणत्या क्रमानें वाचावयाचे, आणि कवाडें आधीं वर उचलून खुंट्या खळग्यांतून मोकळ्या केल्यावांचून चौकटीला हात लावूं नये. हा मजकूर मिस्त्रींनीं सांगितला व मीं उतरून घेतला. चौघांनीं सह्या केल्या. साक्षीदार म्हणून आत्यानें सही केली ती मोडींत. वकिलांना ती वाचतां येईना, म्हणून तिच्याखालीं तिनें आपलें नांव पुन्हां एकदां बाळबोध अक्षरांत लिहून दिलें.